कीप म्हणजे ठेवणे

चाळीसगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रमिला हिला पंडितचा आशीर्वाद. घ्यायचा की परत पाठवायचा ते तू बघ.

तेरा वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं तुला वाटेल. तसं काही नाही. घरी सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो नोकरीत असल्यापासूनच कुरकुरतो.

पत्ता जुनाच घातलाय, देवपूरचं बोरसे सरांचं घर. तू अजून तिथेच राहतेस असं धरून चाललोय. शोधला असता तर फोन नंबरही मिळाला असता. पण फोन तू कट केला असतास. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

लिहायला कारण झालं पुनम. पुनम म्हणजे आपल्या ललितची बायको. तू तिला पाहिलेलं नाहीस. इथल्या एका इंग्रजी शाळेत ती पाचवीला इंग्रजी शिकवते आणि वह्यांचा गठ्ठा घरी आणते. परवा संध्याकाळी ओट्यावर वह्या तपासताना ती एकटीच हसत होती. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "पप्पा, हे ऐका. कीप वेल. पोराने लिहिलंय, विहीर ठेवा."

मीही हसलो. मग कळलं की तिने वर्गाला एकाच क्रियापदाची वीस वाक्यं दिली होती. कीप. सगळ्या पोरांनी पाठ केलेलं, कीप म्हणजे ठेवणे, आणि वीसच्या वीस वाक्यांत ठेवून दिलेलं. अंकल कीप्स अ शॉप, काका दुकान ठेवतात. द मिल्क विल नॉट कीप, दूध ठेवणार नाही. पुनम लाल पेनाने दुरुस्त करत होती. काका दुकान चालवतात. दूध टिकणार नाही. कीप क्वाएट म्हणजे गप्प बसा, कीप अ प्रॉमिस म्हणजे शब्द पाळणे, कीप इट अप म्हणजे शाब्बास, असंच चालू दे. कीप वेटिंग म्हणजे कोणाला ताटकळत बसवणं. एवढासा शब्द, पण घरातल्या थोरल्या सुनेसारखं सगळं काम त्याच्याच अंगावर.

मी म्हटलं, ट्रकच्या मागे कीप डिस्टन्स असतं, ते? म्हणाली, अंतर राखा. औषधाच्या बाटलीवर असतं ते? म्हणाली, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. आणि मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही स्वतः गेटकीपर होतात ना?" खरंच की. धुळे लाइनीवरच्या त्या फाटकावर छत्तीस वर्षं काढली, पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला तो शब्द छापून यायचा, आणि मी कधी त्याचा विचार केला नाही.

पुढचं वाक्य होतं, माय आन्ट कीप्स हाऊस. पोराने लिहिलं होतं, माझी आत्या घर ठेवते. पुनमने ठेवते खोडलं आणि वर लिहिलं, सांभाळते. माझी आत्या घर सांभाळते.

एवढं तुला कळवावंसं वाटलं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

पंडित

*

चाळीसगाव,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. प्रमिला हिस,

उत्तर द्यायलाच हवं असं नाही, असं लिहून बसलो आणि आता रोज पोस्टमनची वाट बघतोय. पत्र परत आलेलं नाही, म्हणजे तुला मिळालं, एवढं कळलं.

मागच्या पत्रात मी पोरांच्या वह्यांमागे लपलो. आता सरळ लिहितो.

२०१२च्या फेब्रुवारीत मला कॅनडाहून एक पत्र आलं होतं. बोरसे सरांच्या मुलीचं, ज्योत्स्नाबाईंचं. टाइप केलेलं, इंग्रजीत. बाईंना मराठी लिहायची सवय राहिली नसेल. दाजींच्या मागे तू एकटी पडून सात वर्षं झाली होती, आणि तू धुळ्याला सरांकडे कामाला राहून सहा महिने. एकटे म्हातारे प्राध्यापक, परकं घर, म्हणून मी सारखा तुला बोलायचो. पहिल्याच ओळीत बाईंनी लिहिलं होतं की तुमच्या बहिणीने सांगितलं, भाऊ काळजीत असतो, त्याला दोन शब्द लिहा. म्हणजे ते पत्र तूच लिहायला लावलं होतंस, माझा घोर मिटावा म्हणून.

ते गेटवर आलं. मी गेटमनच्या गुमटीच्या बाहेर बसून ते दोनदा वाचलं. माझं इंग्रजी म्हणजे रेल्वेच्या रजिस्टरापुरतं. दोन वाक्यांवर अडलो. युवर सिस्टर कीप्स हाऊस फॉर माय फादर. आणि खाली, ही वुड लाइक टु कीप हर अॅज लाँग अॅज शी विल स्टे.

आपल्याकडे इंग्रजीचा गंध नसलेल्यालाही कीप हा एक शब्द येतो, हे तुला माहीत आहे. ती अमक्याची कीप, ती तमक्याची कीप. पारावर, कोर्टाच्या आवारात, पेपरात. दुसरा कुठला अर्थ आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

गेट बंद होतं, धुळ्याची गाडी यायची होती. फाटकाशी सात-आठ जण उभे होते, सगळे गावातले. तोताराम त्यांत होता. तो दहावीला इंग्रजीत पास झालेला, म्हणून मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "पंडित, हाई तं साफ लिखेल शे. म्हतारा तुनी बहीनले ठेवाले तयार शे. जठलोंग ती राही तठलोंग."

पितांबर म्हणाला, "असं कोनी पत्रात लिखस का?" तोताराम म्हणाला, "फॉरेनमा लिखतस."

तेवढ्यात गाडी आली. मी झेंडी दाखवली, गेट उघडलं, आणि त्या सगळ्यांसमोर म्हणालो की आजपासून मला बहीण नाही. दुपारी तुला कार्ड टाकलं. कार्डावर त्या पत्राबद्दल काय लिहिलं होतं ते तुला पाठ असेल, इथे पुन्हा लिहीत नाही.

त्यानंतर तू दर वर्षी राखी पाठवत राहिलीस. मी प्रत्येक पाकिटावर घेण्यास नकार असं लिहवून ते परत पाठवलं. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, पण तुला आणायला कोणी आलं नाही. ललितच्या लग्नाची पत्रिका तुला गेली नाही. इंग्रजी येत नव्हतं म्हणून हे सगळं झालं. अडाणीपणाची शिक्षा तू भोगलीस. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

पंडित

*

देवपूर, धुळे,
६ मार्च २०२५

भाऊस,

दोन्ही पत्रं मिळाली. कीपचे अर्थ वाचले. सर असते तर त्यांनी आणखी दहा सांगितले असते. ते २०१९ला गेले. घर ज्योत्स्नाताईंचं आहे, मी ते बघते आणि कॉलेजच्या मुलींना डबे देते.

दोन गोष्टी विचारते. तुला खरा अर्थ कधी कळला? आणि माय गेली तेव्हा मला कळवलं नाही, ते कुठल्या इंग्रजीमुळे?

प्रमिला

*

चाळीसगाव,
१५ मार्च २०२५

चि. प्रमिला हिस,

तुझ्या आठ ओळी आल्यापासून दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की पुनमच्या वह्या पाहिल्या तेव्हा कळलं. ते खोटं होतं. दुसऱ्यात लिहिलं की मधे कधीतरी कळलं, नक्की आठवत नाही. तेही खोटं.

कॅनडाचं पत्र आल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं. पत्र आलं मंगळवारी आणि गुरुवारी मी स्टेशनवर रजिस्टर द्यायला गेलो. आमचे स्टेशन मास्तर तेव्हा नागपूरकडचे होते, शिकलेले, शांत. कागद खिशातच होता. मी त्यांना फक्त ती दोन वाक्यं दाखवली, नाव-गाव झाकून. ते म्हणाले, कीप्स हाऊस म्हणजे घरकाम बघते, घर सांभाळते. आणि दुसऱ्या वाक्याचा अर्थ, तिला राहायचं असेल तोवर तिने कामावर राहावं अशी त्यांची इच्छा आहे. मग मला म्हणाले, "पंडित, चांगलं पत्र आहे. कोणाचं आहे?" मी म्हणालो, गावातल्या एकाचं.

स्टेशनवरून परत येताना दुसऱ्या दिवशीच धुळ्याला जायचं मी ठरवलं होतं, हे खरं आहे. पण वाटेत कुंदनच्या चहाच्या टपरीपाशी लोकांनी मला बोलावलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, मर्द आहेस, सख्ख्या बहिणीला तोडलंस पण घराण्याचं नाव राखलंस. आयुष्यभर फाटक लावणाऱ्या माणसाला असं कोणी म्हटलेलं नव्हतं. गाड्या वेळेवर सोडल्या म्हणून कोणी शाबासकी देत नाही. मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. आठवड्याने जाणं आणखी अवघड झालं, वर्षाने तर विषयच संपला.

चूक तीन दिवसांची होती, प्रमिला. बाकीचं सगळं मी समजून उमजून केलं. तुझ्या राख्या मी अर्थ ठाऊक असताना परत पाठवल्या.

आता मायचं. माय दोन हजार चौदाच्या पोळ्यानंतर पडली. शेवटचे आठ दिवस ती तुझी वाट बघत एकच विचारायची, "पमी उनी का?" मी म्हणायचो, "इ राहिनी, माय. गाडीमा बठेल शे." रोज म्हणायचो. दिवसभर धुळ्याच्या गाड्या माझ्याच हाताने सोडत होतो आणि तिला सांगत होतो की तू गाडीत बसली आहेस. तुला बोलावलं असतं तर तू लोकांसमोर आली असतीस, लोकांनी विचारलं असतं, आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. एवढ्यासाठी मी तुला मायचं तोंड बघू दिलं नाही. याची मला माफी मागता येत नाही. कोणत्या तोंडाने मागू.

ललितच्या बारशाला आत्या म्हणून तू त्याच्या कानात नाव सांगितलंस. नाव तू ठेवलंस, आणि नावं मी तुला ठेवली. आपला मराठी शब्दही काही कमी नाही.

तीस एप्रिलला आखाजी आहे. तू येशील का? मी मुराळी म्हणून स्वतः तुला न्यायला येतो. तू हो म्हणालीस तरच येईन.

पंडित

*

देवपूर, धुळे,
२६ मार्च २०२५

भाऊस,

मला वाटलंच होतं. न कळलेला कागद तू खिशात ठेवणाऱ्यांतला नाहीस, चार जणांना विचारल्याशिवाय तुला जेवण जात नाही. म्हणून त्या वर्षी आखाजीला मी पिशवी भरून बसले होते. म्हटलं, आता तर त्याला कळलं असेल, लाजत लाजत येईल. दुपारची गाडी गेली, संध्याकाळची गेली. सरांनी विचारलं, "प्रमिलाताई, भाऊ आला नाही का?" मी म्हटलं, गेटवर सुट्टी मिळाली नसेल.

सर मला पहिल्या दिवसापासून प्रमिलाताई म्हणायचे. मी सातवी शिकलेली, त्यांनी मला पेपर वाचायला लावला, बँकेत स्वतःची सही करायला लावली. शेवटी दोन वर्षं अंथरुणाला होते, तेव्हा मी त्यांचं सगळं केलं. ज्योत्स्नाताई विमानाने येईपर्यंत त्यांच्या तोंडात पाणी मीच घातलं. मी त्या घरात राहिले, भाऊ. मला कोणी ठेवलं नव्हतं.

माय गेल्याचं मला एकविसाव्या दिवशी धुळे स्टँडवर कळलं, आपल्या गावच्या एका बाईकडून. तिला वाटलं मला माहीत असेल. ती सहज बोलून गेली आणि बसमध्ये चढली. मी तिथेच बाकावर बसले. त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही, कारण म्हणायला घेतलं तर थांबणार नाही.

आखाजीला येईन की नाही ते तुझ्यावर आहे. बंद खोलीत पत्र लिहून तू मोकळा झालास. पण माझं नाव गेटवर गेलं, लोकांत गेलं. ज्या लोकांसमोर तू ते म्हणालास, त्यांच्यासमोर जाऊन सांग की ते खोटं होतं, आणि तुला तिसऱ्या दिवशी ठाऊक होतं. दोन्ही सांग, नुसतं पहिलं नको. ते केलंस की ये, मी तुझ्याबरोबर निघेन. नाही केलंस तर पत्रही लिहू नकोस.

प्रमिला

*

चाळीसगाव,
२४ एप्रिल २०२५

चि. प्रमिला हिस,

सांगितलं. उशीर झाला, कारण रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं. एक दिवस पुनमला सगळं सांगितलं, तिचे-माझे संबंध बिघडले तर बिघडले म्हणून. तिने हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही आधी आत्यांचं काम करा, मग माझ्याशी बोला." तेव्हापासून चहा ओट्यावर आणून ठेवते आणि आत जाते.

फाटकाशी त्या दिवशी जे होते त्यांतले चौघे आता नाहीत. उरले तोताराम, पितांबर, कुंदन. आणखी एक जण सुरतेला मुलाकडे असतो, त्याला फोन करून सांगून झालं. बाकी तिघे संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर असतात. काल मी तिथे गेलो. नेहमीसारखं बसलो नाही, उभाच राहिलो. पितांबरची सून देवळात दिवा लावायला आली होती, तीही थांबली. मी म्हटलं, मला तुम्हां सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे, माझ्या बहिणीबद्दल.

प्रमिला, मी तयारी करून गेलो होतो. कोणी हसेल, कोणी थुंकेल, तोताराम म्हणेल की मी तर सांगितलंच होतं. रात्रभर एकेकाला द्यायची उत्तरं जमवली होती.

तसलं काहीच झालं नाही. तोतारामला पत्र आठवेना. कोणतं पत्र, म्हणाला. मी फाटक, गाडी, कॅनडा, सगळं सांगितलं, तरी तो मान हलवत राहिला. कुंदन म्हणाला की त्याच्या टपरीवर रोज शंभर गोष्टी व्हायच्या. मला आधी ती घाण गोष्ट नव्याने सांगावी लागली, तू कोणाची कीप आहेस असं आपण सगळे म्हणालो होतो हे त्यांना समजावून सांगावं लागलं, तेव्हा कुठे ते खोटं होतं हे सांगता आलं. पितांबरच्या सुनेच्या कानावर तर ते काल पहिल्यांदाच पडलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि दिवा न लावताच घरी गेली.

मग तिसऱ्या दिवसाचं सांगितलं. तू म्हणाली होतीस तसं, दोन्ही सांगितलं. ज्या लोकांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून मी मायला तुझ्याशिवाय जाऊ दिलं, ते तिघे समोर बसून तंबाखू चोळत होते आणि माझं बोलणं कधी संपतं याची वाट बघत होते.

पितांबरने तंबाखू तोंडात टाकली. त्याचा माझा पन्नास वर्षांचा शेजार. तू त्याच्या अंगणात खेळलीस, त्याच्या लग्नात करवली म्हणून मिरवलीस. त्याने माझ्याकडे वर बघितलं आणि खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, "पंडित, तुले बहीन शे?"

मी म्हटलं, "शे. प्रमिला नाव शे तिनं. धुळ्याले राहस. सोमवारले मी तिले लेवाले जाई राहिनू."

तुझा भाऊ,
पंडित